अकरावी-बारावीचं समाजशास्त्र : २० मार्कांची फाईल आणि अख्खं पुणे

खडूफळा
नमस्कार. मी पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. कॉलेज कुठलं ते विचारू नका, आणि ओळखलंत तर गप्प बसा.

बारावीला आमचा लेखी पेपर ८० मार्कांचा, उरलेले २० अंतर्गत. त्या विसात प्रकल्प येतो आणि प्रकल्प म्हटलं की फाईल येते. वर चकचकीत कव्हर, आत 'हुंडा : एक सामाजिक समस्या', 'व्यसनाधीनता : कारणे व उपाय', 'मोबाईलचे दुष्परिणाम'. पूर्वी सगळ्या एकाच झेरॉक्सवाल्याकडून निघायच्या, त्यामुळे चारचार फायलींत 'घटस्पोट' सारखाच चुकलेला असायचा. आता शुद्धलेखन सुधारलंय, कारण चॅटजीपीटी. 'सर्वेक्षणाअंती असे आढळून आले की' हे वाक्य प्रत्येकीत आहे, सर्वेक्षण कुणीच केलेलं नाही. "तुझ्या गल्लीत कुणाकुणाला विचारलंस?" म्हटलं की पोरगं माझ्याकडे असं बघतं, की मीच अभ्यासक्रमाबाहेरचं विचारतेय.

विषय चांगला आहे हो. अकरावीच्या पुस्तकात संस्कृती, सामाजीकरण, सामाजिक स्तरीकरण ही प्रकरणं आहेत. कॉम्त, मार्क्स, दुर्खीम यांच्या शेजारी घुर्ये, श्रीनिवास आणि इरावती कर्वे आहेत. बारावीला आदिवासी, ग्रामीण, नागरी समाज, मग सामाजिक चळवळी. हे पुस्तक काढणाऱ्या बालभारतीची कचेरी सेनापती बापट रोडवर, परीक्षा घेणाऱ्या बोर्डाचं मुख्यालय शिवाजीनगरात. आणि पुण्यातलीच पोरं पुण्याकडे ढुंकूनही न बघता फाईल करतात.

यंदा जूनपासूनच सुरुवात करायची आहे. विषय सुचवा. अटी अशा : पीएमपी बसच्या पासात बसलं पाहिजे, वेगळा खर्च नको, सतरा वर्षांच्या मुलीला एकटीला जाता आलं पाहिजे. 'पुणेरी पाट्या' कुणीही सुचवू नये. एकदा दिला होता. ढीगभर फायली आल्या आणि सगळ्यांत तेच व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो.

तिरकस_पेठकर
पाट्या नकोत म्हणजे अर्धं पुणं बादच केलंत. मग दुपारी एक ते चार या वेळेचं समाजशास्त्र घ्या.

थट्टा सोडा. मुलं हा विषय का घेतात ते आधी मान्य करा. अर्थशास्त्रापेक्षा सोपा, पाठांतराला बरा, मराठीतून लिहिता येतो. त्यांना उन्हात फिरवून तुम्हाला काय मिळणार?

खडूफळा
मान्यच आहे. सोपा म्हणून घेतात, त्याचं वाईट वाटत नाही. तीच मुलं पुढे बीएला समाजशास्त्र घेतात आणि तिथेही फाईलच करतात, त्याचं वाटतं.

कॉटबेसिस
मॅडम, विषय पेठांतच आहे. सदाशिव, नारायण, शनिवारातल्या अभ्यासिका. मी आधी राज्यसेवेच्या नादात इथे आलो, आता युपीएससी करतोय. ऑप्शनल समाजशास्त्रच, २५० मार्कांचा एक असे दोन पेपर. का घेतला ते तिरकसरावांना कळलं असेलच. सिलॅबस आटोपशीर आहे.

बघण्यासारखं काय आहे सांगतो. अभ्यासिकेत जागा महिन्याच्या फीवर मिळते. भिंतीकडची, चार्जिंग पॉइंट असलेली जागा आधी जाते. जेवायला उठलं की टेबलावर नॅपकिन, पाण्याची बाटली आणि एक जाड पुस्तक. जागा 'धरलेली' आहे, तिला कुणी हात लावत नाही, नियम कुठे लिहिलेला नसतो. नवा पोरगा नांदेडहून नाहीतर बीडहून येतो तेव्हा पहिले काही दिवस बोलतच नाही. महिन्याभरात 'प्री (पूर्वपरीक्षा) निघाली का', 'मेन्सला (मुख्य परीक्षेला) गेलो', 'दोन मार्कांनी राहिली' हे त्याच्या तोंडी बसतं आणि गावाकडचा हेल जातो. तुमचं सामाजीकरणाचं प्रकरण अजून कुठे शोधणार? मेसमध्ये टेबलं जिल्ह्यानुसार लागतात. नीट बघितलं तर जिल्ह्यापेक्षाही बारीक चाळण दिसते. मुलींच्या अभ्यासिका वेगळ्या का, त्यांना रात्री किती वाजता उठावं लागतं, घरमालकीण काय काय विचारते, हे मुलीच चांगलं काढतील.

फक्त तिशी ओलांडलेल्याला "घरी काय सांगता?" हे विचारू नका म्हणावं.

हिंजवडी_शटल
माझ्या मुलीला दहावीला नव्वदच्या वर आहेत आणि तिला आर्ट्सच घ्यायचंय. अकरावीचं प्रवेशाचं पोर्टल उघडून बसलोय. त्यात हा धागा दिसला. खरं सांगा, या विषयातून पुढे काय? प्रकल्पाबिकल्पात वेळ घालवण्यापेक्षा इंग्रजी सुधारलं तर निदान लॉला तरी उपयोग होईल. राग मानू नका, बाप म्हणून विचारतोय.

युजरवाली
@हिंजवडी_शटल, मी पुणे विद्यापीठातून समाजशास्त्रात एमए केलं आणि आता खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत युजर रिसर्च करते. लोक अ‍ॅप कसं वापरतात ते त्यांच्या शेजारी बसून बघायचं, हे माझं काम. तरीही 'समाजशास्त्र घ्या, आयटीत जा' असं मी कुणाला सांगणार नाही, अशा जागा थोड्याच असतात. बीएनंतर एमएसडब्ल्यू, पत्रकारिता, लॉ, स्पर्धा परीक्षा, शिक्षकी हेच नेहमीचे रस्ते. पण मुलाखती घेताना मला एक गोष्ट हटकून दिसते. समोरचा बोलायचा थांबला की इंजिनिअर लगेच पुढचा प्रश्न टाकतो. ज्याने कधी चार अनोळखी माणसांशी बोलून काही लिहिलंय तो थोडा थांबतो. खरं उत्तर बऱ्याचदा त्या थांबण्यानंतर येतं.

सिडनीतली_कोथरूडकर
आमच्याकडे, म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये, बारावीला 'सोसायटी अँड कल्चर' नावाचा विषयच आहे. माझ्या मुलीने घेतला होता. त्यात 'पर्सनल इंटरेस्ट प्रोजेक्ट' असतो, मुलं पीआयपी म्हणतात. बोर्डाच्या १०० मार्कांत लेखी पेपर ६० चा आणि हा प्रकल्प ४० चा. खडूफळाताई, तुमच्या विसाच्या दुप्पट, आणि तपासणारा बाहेरचा. त्याला मुलीचं नाव, शाळा, चेहरा काही माहीत नसतं.

विषय मुलाने स्वतः निवडायचा. मुख्य मजकूर अडीच ते चार हजार शब्दांचा. त्याच्या आधी प्रस्तावना आणि एक 'लॉग', दोन्ही पाचपाचशे शब्दांच्या आत, शेवटी तेवढाच समारोप. लॉगमध्ये काम कसकसं पुढे सरकलं ते लिहायचं : कुठे अडलं, कुठला प्रश्न बदलला, का बदलला. संदर्भांच्या यादीत नुसती नावं चालत नाहीत, प्रत्येकाचा उपयोग काय झाला आणि त्यावर विश्वास किती ठेवावा हेही लिहावं लागतं. शिवाय दोन अटी. आपल्यापेक्षा वेगळ्या गटाशी तुलना हवी, मग ती वेगळ्या देशाची, पिढीची, वर्गाची, कशाचीही असो. आणि काळाबरोबर काय बदललं, काय टिकलं हे यायला हवं.

मुलीने विषय घेतला नावांचा. इथे वाढणाऱ्या मराठी मुली शाळेत नाव छोटं करून का सांगतात, आणि पुण्यात तिच्या आजीच्या वयाच्या बायकांची नावं लग्नात का बदलली. आधी तिने एक भलीमोठी प्रश्नावली केली होती. 'तुम्हाला तुमच्या नावाचा अभिमान आहे का? होय/नाही.' सगळ्यांनी होय लिहिलं. प्रश्नावली गेली केराच्या टोपलीत, आणि हे सगळं तिने लॉगमध्ये लिहिलं. मग सुट्टीत कोथरूडला आली तेव्हा बिल्डिंगमधल्या आज्यांकडे एकेकीकडे जाऊन बसली. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, ते तिने फक्त फोटोत बघितलं होतं. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "लिहिलं त्यांनी, पण मला कुठं वाचता येत होतं? नणंदेनं वाचून दाखवलं तेव्हा कळलं मी कोण ते." त्या वाक्यावर तिचा अर्धा प्रकल्प उभा राहिला. आणि आजींच्या माहेरची माणसं शेवटपर्यंत जुन्याच नावाने हाक मारत होती, म्हणजे 'बदललं' असं तरी कसं म्हणायचं, यावर उरलेला अर्धा.

सगळं गोड आहे असं नाही. पीआयपीच्या धास्तीने विषय सोडणारी मुलं असतात. आणि देशी आईबाप इथेही "त्यापेक्षा जास्तीचं गणित घे" म्हणतातच. मी पण म्हटलं होतं.

तिरकस_पेठकर
तांदळातलं नाव वाचता न येणं... हे भारी आहे. माझ्या आईचंही बदललं होतं. कधी विचारलं नाही.

खडूफळा
ताई, तो लॉग मी उचलला. फाईलच्या ऐवजी शंभर पानी वही. तारीख, जागा, कुणाशी बोललात (नाव नाही, वय आणि काम चालेल), आणि ऐकलेलं एक वाक्य जसंच्या तसं. मार्कांची चौकट बोर्डाची, तिला हात लावता येत नाही, पण तोंडी प्रश्न मी वहीतलेच विचारणार. चॅटजीपीटीला तळमजल्यावरच्या आजी भेटणार नाहीत.

सौदागरचा_म्हातारा
मी पिंपळे सौदागरचा. कुणी हॅरल्ड मॅन हे नाव ऐकलंय का? पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल होते. त्यांनी आमच्या गावाची घरटी पाहणी केली : जमीन किती, तुकडे किती, कर्ज किती, पोट भरतं का. १९१७ साली ती पुस्तकरूपाने निघाली. हिंदुस्थानातल्या अगदी सुरुवातीच्या गावपाहण्यांत तिचं नाव घेतात. नंतर त्यांनी जातेगाव बुद्रुकही केलं.

त्यातला एक आकडा अर्थशास्त्राची मुलं पाठ करतात, तो कुठल्या गावचा ते त्यांना माहीत नसतं. १७७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, ४० एकर होतं, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलं. वाटण्या होत होत. गावातली बहुतेक कुटुंबं नुसत्या शेतीवर तगत नव्हती, असं त्यांनी हिशेब मांडून दाखवलं. आता तिथे महागडा फ्लॅट घेणाऱ्याला खाली कोण राहत होतं याची गंधवार्ता नसते. पण आमच्याकडे गावठाण अजून आहे, भावकी आहे, देऊळ आहे.

मुलांना म्हणावं, एक घर धरा आणि तीन पिढ्यांना एकच विचारा : जमिनीचं काय केलंत? आजा सांगेल कसली. बाप सांगेल बिल्डरला दिली, बदल्यात इतके फ्लॅट आणि गाळे. नातू काय सांगेल ते मलाही ऐकायचंय. आमचा भाड्यावर जगतो आणि फॉर्मवर धंदा या रकान्यात 'शेती' लिहितो. दुसरं, उत्सवाची वर्गणी. सोसायटीवाले पावती फाडतात, मोठी रक्कम देतात, पण पालखीला खांदा कुणी द्यायचा ते गावकीच ठरवते. हे बाणेरला बघा, हडपसरला बघा, सगळीकडे तेच.

टाळकरी_हौशी
पालखी निघालीच आहे तर सांगतो. बारावीचे वर्ग जूनमध्ये सुरू होतात आणि पाठोपाठ पालख्या पुण्यात येतात. माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्काम. विद्यार्थ्यांनी वारकऱ्यांना "वारी का करता?" विचारू नये, सगळे एकच उत्तर देतात. यजमानांकडे बघावं. कुठलं मंडळ कुठल्या दिंडीला जेवण देतं, ते किती पिढ्या चालू आहे, कोण फुकट दाढी करून देतं, कोण चपला शिवून देतं.

इरावतीबाई स्वतः दिंडीबरोबर चालल्या होत्या. डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र-मानवशास्त्राच्या प्रमुख होत्या त्या. सकाळभर एकत्र अभंग म्हणणाऱ्या त्याच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा जेवायला वेगळे बसतात, हे त्यांनी टिपलं आणि त्याचा त्रास झाला तेही लिहिलं. मुलांना पुस्तकातला त्यांचा परिच्छेद पाठ असतो, हे मात्र ठाऊक नसतं.

सर्व्हिस_लिफ्ट
सगळे विषय छान, पण एक गोष्ट बोलायची राहतेय. माझी आई चार घरी स्वयंपाकाला जाते. मी ज्युनिअर कॉलेजला असताना (कॉलेज दुसरंच, मॅडम) वर्गातल्या मुलींना 'घरेलू कामगार स्त्रिया' हा प्रकल्प होता. त्यातली एक माझी आई जिथे कामाला होती त्याच घरातली. तिने फॉर्म काढला आणि ओट्यापाशी, सगळ्यांसमोर आईला विचारलं, "जात कोणती? नवरा पितो का? मारतो का?" आईने उत्तरं दिली. मालकिणीची मुलगी विचारतेय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? त्या फाईलला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

तेव्हा नियम करा. आपल्या घरी काम करणाऱ्या माणसाला प्रकल्पात घ्यायचं नाही. विचारायच्या आधी 'नाही म्हटलंत तरी चालेल' हे सांगायचं. फोटो नको. आणि दर वेळी गरिबांकडेच का धावायचं? तुमच्या स्वतःच्या सोसायटीची जनरल मीटिंग बघा की. कामाच्या बायकांनी कुठल्या लिफ्टने जायचं याचा ठराव कधी झाला? बॅचलर नको, नॉनव्हेज नको, 'फॅमिलीच पाहिजे' हे भाडेकरूला कोण सांगतं : एजंट, घरमालक की सेक्रेटरी? लिफ्टशेजारचा नोटीस बोर्ड दोन महिने रोज वाचला तरी फाईल भरेल. पाट्यांवर बंदी आहे ना मॅडम, ही एक सोडा त्यातून.

तिरकस_पेठकर
ही पाटी मंजूर. पण जातीचं प्रकरण वर्गात काढू नका, पालक भांडत येतील.

खडूफळा
@सर्व्हिस_लिफ्ट, तुमचे नियम वहीच्या पहिल्या पानावर छापून चिकटवणार. तुमच्या आयडीसकट, चालत असेल तर.

@तिरकस, जात मी काढत नाही, स्तरीकरणाच्या प्रकरणात ती छापलेलीच आहे. पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला, हे मुलं लिहितात आणि मार्क मिळवतात. मग आजच्या मेसमधली टेबलं का नाही लिहायची? फक्त "तुमची जात कोणती?" हा प्रश्न बंद. कोण कुणाकडे जेवतं, लग्नाची बोलणी कुणामार्फत होतात, भाड्याचं घर बघताना आडनाव विचारलं का, हे विचारलं की सगळं आपोआप येतं. आणि पालक आले तर मी बघून घेईन. सवय आहे.

पूरग्रस्त_चाळ
१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा माझे सासरे शाळेत होते. घर नदीकाठी, गेलं. मग गोखलेनगरात घर मिळालं. लोकमान्यनगर, सहकारनगर इथेही पूरग्रस्त गेले. एका पेठेतल्या वाड्यात परस्परांना ओळखणारी माणसं वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली आणि तिथे नवे शेजारी झाले. पूर कसा आला हे सगळेच विचारतात. नंतरच्या पाच-दहा वर्षांबद्दल कुणी विचारत नाही : शाळा कुठली, नळ कुणाच्या दारात, जुन्या पेठेतला गणपती सोडला का. सांगणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत आणि वसाहती रिडेव्हलपमेंटला निघाल्यात. हा विषय यंदाच द्या.

हिंजवडी_शटल
वाचतोय सगळं. मुलीलाही वाचायला दिलं. तिचा प्रश्न : अकरावीत असताना हे करता येईल का, की बारावीपर्यंत थांबायचं? (मी अजून 'हो' म्हटलेलं नाही.)

खडूफळा
तिला सांगा, वही आजच घे. प्रवेशाच्या रांगेत कोण कुठून आलंय आणि फॉर्म कुणी भरून दिला, इथपासून सुरू करता येईल. पोर्टल ऑनलाइन असलं तरी कागदपत्रं घेऊन सायबर कॅफेत रांग असतेच.

तर यंदासाठी : अभ्यासिका, गावठाणं, पूरग्रस्त वसाहती, सोसायटीचा नोटीस बोर्ड, आणि लग्नात बदललेली नावं. शेवटचा मुलगे घेणार नाहीत असं वाटतंय, म्हणून तो मुद्दाम मुलग्यांनाच देणार. पालखीचे यजमान ज्यांना झेपेल त्यांनी. मुलं ऐंशीच्या आसपास आहेत, तेव्हा चारचारचे गट, पण वही ज्याची त्याची.

@सौदागरचा_म्हातारा, काका, एक गट तुमच्याकडे पाठवला तर चालेल का? पत्ता इथे टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सौदागरचा_म्हातारा
पाठवा की. शनिवारी सकाळी, नऊच्या आत. दुपारी मी झोपतो, त्यावर प्रकल्प करायचा असेल तर वेगळी परवानगी काढा. आणि नातवाशी बोलायचं असेल तर त्याला आधी कळवावं लागेल, तो दहाशिवाय उठत नाही.

कॉटबेसिस
व्यनि केलाय मॅडम. अभ्यासिकेच्या मालकांशी बोललो, मुलं आली तर चालेल म्हणाले. बोलायचं मात्र खाली चहाच्या टपरीवर, आत आवाज चालत नाही. आणि प्रीच्या आधीचे पंधरा दिवस कृपया नको.